ई-वन लिंक हिरवी, तरी तक्रारी चालूच: कुठून बघायला सुरुवात करायची

ई-वन लिंक म्हणजे सहसा ऑफिसच्या फोन एक्स्चेंजला टेलिफोन कंपनीशी जोडणारी, एका वेळी तीस कॉल नेणारी डिजिटल लाइन. तिच्याबद्दलची तक्रार बहुतेक वेळा एकाच छापाची असते. "लिंक वर आहे, दिवा हिरवा आहे, पण..." त्या "पण"च्या पुढे काय येतं यावरून निम्मं निदान होतं, म्हणून आधी लक्षणं.

बोलताना मध्येच बारीक "टक्" होतं, आणि नीट कान दिला तर ते घड्याळासारखं ठरावीक अंतराने होतं. आवाज स्वच्छ आहे, पण फॅक्स दुसऱ्या पानावर तुटतो. सकाळी सगळं ठाकठीक, कॉलची गर्दी वाढली की खरखर सुरू. डी-चॅनल (कॉल लावण्या-तोडण्याचे निरोप नेणारा चॅनल) वर असतो, तरी काही कॉल लागायला वेळ लागतो, काही लागतच नाहीत. लिंक दिवसातून दोन-चारदा पडते आणि कुणी हात लावायच्या आत परत उभी राहते. एका टोकाला लाल अलार्म, दुसऱ्याला पिवळा. आणि सगळ्यात ओळखीचं वाक्य: "मागच्या वेळी रीबूट केलं तेव्हा बरी झाली होती."

रीबूटने चुका मोजणारे काउंटर शून्य होतात. लिंक बरी होत नाही, फक्त पुरावा पुसला जातो.

अशा लिंकच्या मागे बरीच वर्षं फिरल्यावर एक सवय लागली आहे. चुका किती होतात यापेक्षा त्या कधी होतात हे मी आधी विचारतो. दिवसरात्र एकाच ठेक्यात होत असतील तर क्लॉक, म्हणजे दोन्ही टोकांची वेळ जुळवणारं घड्याळ. कॉलच्या गर्दीबरोबर वाढत असतील तर लाइन कोड, म्हणजे बिट तारेवर कसे पाठवायचे तो नियम. कुणी रॅकचं दार उघडलं, एसी चालू झाला, पाऊस पडला की होत असतील तर वायर किंवा अर्थिंग. हा नियम शंभर टक्के चालत नाही, पण पहिल्या पाच मिनिटांत कुठे बघायचं ते सांगतो.

तारेवर काय चालू असतं

थोडक्यातच सांगतो, कारण पुढची प्रत्येक तपासणी यावरच उभी आहे. ई-वन म्हणजे सेकंदाला २०४८ किलोबिट. एका फ्रेममध्ये ३२ टाइमस्लॉट, प्रत्येकी ८ बिट, आणि अशा ८००० फ्रेम दर सेकंदाला. म्हणजे एक फ्रेम १२५ मायक्रोसेकंदांची. शून्य क्रमांकाच्या स्लॉटमध्ये फ्रेम ओळखायची खूण असते, सोळाव्यात सहसा सिग्नलिंग. उरलेल्या तिसांत आवाज.

हे बिट तारेवर प्लस-मायनस पल्सच्या रूपात जातात. "एक" आला की पल्स, आणि दर वेळी आधीच्या उलट दिशेची: प्लस, मायनस, प्लस, मायनस. "शून्य" म्हणजे शांतता. हा साधा एएमआय. त्यात गोची एवढीच की बरेच शून्य सलग आले तर तारेवर काहीच हलत नाही, आणि समोरच्याला क्लॉक काढायला धागा उरत नाही. म्हणून एचडीबी३ आला. चार शून्य सलग आले की त्या जागी मुद्दाम नियम मोडणारी पल्स घालायची, म्हणजे मागच्याच दिशेची. घेणाऱ्याला ही खूण माहीत असते; तो ती ओळखून पुन्हा चार शून्य करतो. टी-वनवर, म्हणजे ई-वनच्या अमेरिकी भावंडावर, हेच काम बी८झेडएस करतो, तिथे आठ शून्यांची बदली होते.

म्हणजे नियम मोडणं दोन प्रकारचं: ठरवून मोडलेला आणि खरोखरच मोडलेला. कोड व्हायलेशनचा काउंटर दुसऱ्या प्रकाराचा असतो. दोन्ही टोकांचं यावर एकमत नसेल तर सगळा हिशोब बिघडतो. त्यावर पुढे येतोच.

आधी कागद आणि पेन

पहिली तपासणी फुकट आहे आणि तीच सगळे गाळतात. दोन्ही टोकांचे काउंटर लिहून घ्या, मग क्लिअर करा, आणि पंधरा मिनिटं कशालाही हात लावू नका. बहुतेक उपकरणं पंधरा-पंधरा मिनिटांचे टप्पे धरून चोवीस तासांचा हिशोब ठेवतात, म्हणजे ९६ रकाने. ते रकाने वाचा. मागच्या वर्षी कुणीतरी केबल काढली तेव्हाच्या चुका आजच्या समजून मी स्वतः एकदा अर्धा दिवस घालवला आहे. एकूण आकडा मोठा असतो, भीतीही घालतो, पण तो कधीचा आहे ते सांगत नाही.

मग अलार्मचे रंग. लाल म्हणजे "मला ऐकू येत नाही": सिग्नलच नाही, किंवा सिग्नल आहे पण फ्रेम सापडत नाही. पिवळा म्हणजे "समोरचा म्हणतोय की त्याला माझं ऐकू येत नाही". निळा, म्हणजे एआयएस, हा मधल्या मक्सचा (वाटेतल्या, लाइनी एकत्र करणाऱ्या उपकरणाचा) निरोप असतो: "मी जिवंत आहे, पण माझ्या मागून काही येत नाही, म्हणून तुला सगळे 'एक' पाठवतोय."

पिवळ्यावर इथेच लोक चुकतात. माझ्या पोर्टवर पिवळा असेल तर माझं घेणं व्यवस्थित आहे, नाहीतर समोरच्याची तक्रार माझ्यापर्यंत पोचलीच नसती. बिघाड माझ्या पाठवण्याच्या वाटेवर आहे: माझा ट्रान्समिट, ती पेअर, किंवा समोरच्याचा रिसीव्ह. तरी पिवळा दिसला की रिसीव्हची केबल बदलणारे मी किती पाहिलेत. आग रामेश्वरी, बंब सोमेश्वरी.

याच बैठकीत आणखी एक गोष्ट बघून घ्या. कोड व्हायलेशन वाढतात की फक्त सीआरसीच्या चुका? (सीआरसी म्हणजे बिटांसोबत पाठवलेला तपासणीचा आकडा; तो समोर जुळला नाही की चूक मोजली जाते.) हा फरक सोन्यासारखा आहे. लाइन कोड प्रत्येक टप्प्यावर नव्याने तयार होतो. मधला मक्स एका बाजूने सिग्नल घेतो आणि दुसऱ्या बाजूने स्वच्छ पल्स काढून पाठवतो. सीआरसी-४ मात्र फ्रेमसोबत पुढे जातो. म्हणून कोड व्हायलेशन दिसल्या तर बिघाड तुमच्या पोर्टला लागून असलेल्या शेवटच्या टप्प्यात. व्हायलेशन शून्य आणि सीआरसीच्या चुका वाढताहेत, तर त्या लांबून कुठून तरी आलेल्या आहेत आणि तुमची पॅच कॉर्ड बदलून काही होणार नाही. मध्ये एखादं उपकरण फ्रेम मोडून नव्याने बांधत असेल तर सीआरसीही तिथूनच नवा सुरू होतो, एवढं ध्यानात ठेवा.

चार सेटिंग, दोन्ही टोकांची, शेजारी-शेजारी लिहून

लाइन कोड, फ्रेमिंग, सीआरसी, क्लॉक. फोनवर "सगळं बरोबर आहे" असं उत्तर आलं तर ते मोजू नका. स्क्रीनवरचं जसंच्या तसं वाचून घ्या. "डिफॉल्टच आहे" हेही उत्तर नव्हे. दोन उपकरणांचे डिफॉल्ट वेगळे असतात, आणि नवं कार्ड घातल्यावर सुरू झालेल्या बहुतेक भानगडी याच एका शब्दातून निघतात.

लाइन कोडची गंमत अशी की तो चुकला तरी लिंक उभी राहते. एका बाजूला एचडीबी३ आणि दुसऱ्या बाजूला एएमआय लावा, दिवा हिरवाच असेल. का? फ्रेमची खूण आहे ००११०११. तिच्यात चार शून्य सलग नाहीत, म्हणून तिला धक्काच लागत नाही. रिकाम्या चॅनलवरही सहसा एक-शून्य-एक-शून्य असाच नमुना असतो, कारण ए-लॉ पद्धतीत आवाजाचे बिट करताना एकाआड एक बिट उलटवूनच पाठवतात आणि शांततेचं रूप ११०१०१०१ असं होतं. डी-चॅनल मोकळा असताना त्यावर ०११११११० फिरत राहतं. तेही सुरक्षित. म्हणजे रात्री कुणी बोलत नसताना लिंक धुतल्या तांदळासारखी. सकाळी कॉल सुरू झाले, नमुन्यांत चार-चार शून्य यायला लागले, की एएमआय लावलेली बाजू त्या मुद्दाम घातलेल्या पल्सना खरे "एक" समजते. आवाजात खरखर, फॅक्समध्ये गोंधळ, आणि डी-चॅनलच्या मेसेजमध्ये शून्यांचे बाइट आले की तो मेसेज बाद होऊन पुन्हा पाठवला जातो. कॉल लागायला उशीर होतो तो इथून.

यात दोषी बाजू ओळखायची सोपी खूण आहे. कोड व्हायलेशन ज्या टोकाला वाढतात, एएमआय त्याच टोकाला लावलेला असतो. दुसऱ्या टोकाला व्हायलेशन दिसत नाहीत. तिकडे येणाऱ्या एएमआयमध्ये नियम मोडलेली पल्स नसतेच. तिथे फार तर सलग शून्यांची तक्रार येते. ज्याच्याकडे काउंटर स्वच्छ तो म्हणतो "माझ्याकडे काही नाही", आणि खरंच नसतं. भांडण मात्र तासभर चालतं.

टी-वनवर असाल तर हीच जोडी एएमआय आणि बी८झेडएसची, आणि फ्रेमिंगमध्ये एसएफ की ईएसएफ, म्हणजे फ्रेमचा लहान गट की मोठा, हा प्रश्न. तिथे आणखी एक खोड आहे: केबलची लांबी सेटिंगमध्ये सांगावी लागते, ६५५ फुटांपर्यंतच्या पायऱ्या असतात. वीस फुटांच्या केबलवर सगळ्यात लांबची पायरी ठेवली तर पल्स गरजेपेक्षा जोरात जाते आणि समोरचा रिसीव्हर वैतागतो. टी-वनचं एवढंच, माझं आयुष्य ई-वनवर गेलं आहे.

सीआरसी एका बाजूला चालू आणि दुसऱ्या बाजूला बंद असेल तर चालू असलेली बाजू सोळा फ्रेमचा मोठा गट शोधत बसते आणि तो कधी सापडत नाही. काही उपकरणं थोडा वेळ शोधून निमूटपणे सीआरसीशिवाय चालू राहतात, काही लिंकच उभी करत नाहीत. एकच कार्ड एका जागी चालतं आणि दुसऱ्या जागी नाही, याचं कारण पुष्कळदा हेच. दोन्हीकडे चालू ठेवा. सेकंदाला हजार तपासण्या फुकट मिळत असताना बंद कशाला ठेवायचं?

आता क्लॉक. या घोळात माझे सर्वांत जास्त तास गेलेत, म्हणून जरा सविस्तर.

लिंकवर घड्याळ एकच असावं. एक बाजू वेळ सांगते, दुसरी तारेवरून ती उचलते. सेवा पुरवणारी बाजू सहसा सांगणारी, आपलं उपकरण उचलणारं. दोन्ही बाजू "इंटर्नल"वर ठेवल्या तर दोन घड्याळं आपापल्या चालीने चालतात. एका बाजूचे बिट किंचित लवकर येतात, बफर भरत जातो, आणि भरला की अख्खी एक फ्रेम टाकून द्यावी लागते. उलट झालं तर एक फ्रेम दोनदा वापरली जाते. हीच स्लिप. प्रत्येक चॅनलचा एक नमुना गेला किंवा दुप्पट झाला, एवढंच. बोलणाऱ्याला "टक्", पण फॅक्सच्या मोडेमला तो जमीन सरकल्यासारखा धक्का. आवाज चांगला आणि फॅक्स तुटतो, हे कोडं बऱ्याच वेळा इथेच सुटतं.

स्लिपचा हिशोब हाताने करता येतो आणि तो करायला मला अजून मजा येते. दोन स्लिपमधलं अंतर मोजा. १२५ मायक्रोसेकंदांना त्या अंतराने भागा. दर ४० सेकंदांनी स्लिप असेल तर उत्तर साधारण दहा लाखांत तीन. दोन बऱ्या प्रतीचे स्फटिक मोकळे सोडले तर त्यांच्यात इतका फरक सहज पडतो. म्हणजे दोन्हीकडे इंटर्नल आहे, पैज लावा. ई-वनला दहा लाखांत पन्नासपर्यंत सूट असते, आणि एवढा फरक असेल तर अडीच सेकंदांना एक स्लिप पडते. उलट, दोन्ही टोकं प्रथम दर्जाच्या घड्याळांवर असतील तर सत्तरेक दिवसांतून एखादीच. दिवसाला पाचापर्यंत स्लिप आंतरराष्ट्रीय शिफारशीत चालवून घेतलेल्या आहेत. दिवसाला एक दिसली म्हणून रॅक उपटू नका.

स्लिप नियमित नसतील, कधी तासभर काहीच नाही आणि मग झुंडीने येत असतील, तर उलटा घोळ बघा: दोन्ही बाजू "लाइन"वर. दोघंही एकमेकांकडे बघून वेळ लावताहेत, खरं घड्याळ कुणाकडेच नाही. आणि एक तिसरा प्रकार: एकाच कार्डावर दोन वेगळ्या सेवादारांच्या लिंक. कार्डाचं घड्याळ एकच असतं. पहिली लिंक पडली की कार्ड दुसरीकडून वेळ घेतं, पहिली परतली की पुन्हा उडी मारतं, आणि प्रत्येक उडीला दोन्ही लिंकवर डाग पडतो. घड्याळाचा पहिला स्रोत कोणता, दुसरा कोणता, हे दोन्ही लेखी ठरवून ठेवा.

एका वेळी एकच सेटिंग बदला. दोन बदलल्या आणि लिंक बरी झाली तर पुढच्या खेपेला तुम्ही पुन्हा कोरेच असता.

मग तार

इथून हाताने करायचं काम. कॉल चालू असतील तर आधी त्या चॅनलवरची वाहतूक थांबवा.

आरजे-४५ वाल्या १२० ओहमच्या जोडणीत दोनच पेअर वापरात असतात: १-२ आणि ४-५. ग्राहकाकडचं उपकरण सहसा १-२ वर ऐकतं आणि ४-५ वर बोलतं. काही उत्पादक स्वतःच्या मनाने पिन ठरवतात, तेव्हा मॅन्युअल उघडाच. सरळ नेटवर्क केबल चालते. नेटवर्कची क्रॉस केबल मात्र चालत नाही, आणि हे समजावून सांगताना माझा घसा बसला आहे. ती १-२ ला ३-६ वर नेते आणि ४-५ ला बऱ्याचदा जागेवरच ठेवते. ई-वनच्या दृष्टीने एक पेअर हवेत, आणि दोन सारखी उपकरणं समोरासमोर असतील तर दुसरीत बोलणारा बोलणाऱ्याला जोडलेला. अशा दोन सारख्या उपकरणांना लागणारी क्रॉस वेगळी: १ ला ४, २ ला ५, आणि उलट.

पेअरमधल्या दोन तारा उलटसुलट झाल्या तर? काही होत नाही. प्लस-मायनस आळीपाळीने येण्यालाच अर्थ आहे, कोण प्लस आणि कोण मायनस याला नाही. तिथे वेळ घालवू नका. पाठवण्याची आणि घेण्याची पेअर अदलाबदल झाली तरच लिंक मरते.

फुटलेली पेअर हा मात्र खरा छुपा चोर. एका ठिकाणी तीनदा गेलो. दोन कार्डं बदलून झाली होती. केबल टेस्टरवर आठही दिवे क्रमाने लागत होते, म्हणून केबलवर कुणाचा संशयच नव्हता. तिसऱ्या खेपेला कनेक्टर डोळ्यासमोर धरून रंग वाचले: पहिल्या दोन पिनवर हिरवी जोडी, तिसऱ्या-चौथ्यावर नारिंगी, पाचव्या-सहाव्यावर निळी, शेवटी तपकिरी. कुणीतरी जोड्या ओळीने लावून टाकल्या होत्या, दोन्ही टोकांना सारख्याच. टेस्टर खूशच होणार, चौथी पिन चौथीला पोचतेय. पण ४ आणि ५ या दोन वेगवेगळ्या पिळांतल्या तारा. पीळ ज्या कामासाठी असतो, म्हणजे बाहेरचा गोंगाट दोन्ही तारांवर सारखा पडून कापला जावा, तेच होत नव्हतं. शेजारच्या पोर्टवर वर्दळ वाढली की इथे व्हायलेशन उडायच्या. नवा कनेक्टर लावला आणि काउंटर शून्यावर बसला. टेस्टर फक्त सलगता सांगतो. जोडी कोणाची कोणाशी आहे ते डोळ्यांनीच बघावं लागतं.

७५ ओहमच्या बाजूला, म्हणजे बीएनसी कनेक्टर आणि कोॲक्स केबल, रोग वेगळे. क्रिम्प सैल असतो, मधली पिन आत सरकलेली असते, जाळीचा एखादा केस मधल्या तारेला टेकलेला असतो. काउंटरवर नजर ठेवून प्रत्येक कनेक्टर हलकेच हलवा. आकडा उडाला की सापडला. कुणी घाईत रेडिओकडची ५० ओहमची कोॲक्स जम्पर लावून गेलं नाही ना, तेही केबलवर छापलेलं वाचून बघा. बीएनसी तसाच दिसतो, बसतोही.

७५ आणि १२० एकमेकांना जोडायचे तर मध्ये बालन (दोन्ही बाजू जुळवणारा छोटा ट्रान्सफॉर्मर) हवा. "तारा सोलून जोडल्या, चालतंय" हे मी पाहिलेलं आहे, आणि खरंच चालतं, कारण अशा सांध्यावर पल्सचा साधारण २३ टक्के भाग परत फिरतो आणि छोट्या केबलवर उरलेल्यात भागून जातं. केबल लांबली, तापमान बदललं, की भागत नाही. पोर्टवर ७५ की १२० याचा जम्पर किंवा सेटिंगही असतं. नवं कार्ड बसवताना तेच विसरतं.

मीटर लावणार असाल तर दोन्ही टोकं काढून लावा. पोर्टच्या आत ट्रान्सफॉर्मर असतो, त्यामुळे जोडलेल्या अवस्थेत मीटर जवळजवळ शून्य ओहम दाखवतो आणि माणूस "शॉर्ट सापडला!" म्हणून नाचतो. तो वेटोळ्याचा रोध आहे, शॉर्ट नव्हे.

मॉनिटर जॅक हाही एक सापळा. वितरण फ्रेमवर (सगळ्या लाइनींच्या तारा जिथे येऊन जोडल्या जातात त्या चौकटीवर) चालू लिंक ऐकायला जो जॅक असतो तिथे सिग्नल मुद्दाम साधारण २० डेसिबलने कमी केलेला असतो. कुणी पॅच घाईत तिथे खोचला तर सिग्नल नाही म्हणून लाल. उलट, टेस्ट सेट "टर्मिनेट"वर ठेवून चालू लिंकला समांतर लावला तर एकाच सिग्नलवर दोन भार येतात आणि चुका तुम्हीच तयार करता.

लूप आणि टेस्टर

तार दिसायला बरी आहे, तरी चुका आहेत, तर वाट कापत जायचं. एका रिकाम्या आरजे-४५ मध्ये १ ला ४ आणि २ ला ५ जोडून लूप प्लग करा आणि आपल्या पोर्टात घाला. पोर्टला स्वतःचंच ऐकू आलं, फ्रेम लागली, पंधरा मिनिटं काउंटर शून्य राहिले, तर कार्ड निर्दोष. मग तोच लूप पॅच कॉर्डच्या पलीकडे, मग वितरण फ्रेमवर, मग त्यापुढे. जिथे चुका सुरू होतात तो तुकडा चोर. लूपमध्ये डी-चॅनल उभा राहिला नाही म्हणून घाबरू नका, दोन्ही टोकांना तोच पोर्ट असताना तो राहणारच नाही. आणि काम झाल्यावर लूप काढा. विसरलेल्या लूपमुळे आलेल्या तक्रारींवर वेगळं लिहिता येईल.

लूपमध्ये क्लॉक इंटर्नलवर घ्यायचं. लाइनवर ठेवलं तर पोर्ट स्वतःच्याच सावलीचा पाठलाग करतो. आधीचं सेटिंग कागदावर लिहून मगच बदला.

टेस्ट सेट मिळाला तर लिंक वाहतुकीतून काढून त्यावर २ च्या १५ व्या घातापेक्षा एक कमी लांबीचा यादृच्छिक नमुना चालवा. पाच मिनिटं चालवून "क्लीन आहे" म्हणू नका. अब्ज बिटांत एक चूक असेल तर या वेगाला ती सरासरी आठ मिनिटांनी एकदा दिसते. रात्रभर ठेवा. त्यानंतर "सगळे शून्य" हा नमुना, फ्रेमसकट. एचडीबी३ सगळीकडे असेल तर काही फरक पडत नाही. मधल्या एखाद्या टप्प्यावर कुणी एएमआय ठेवला असेल तर तो याच नमुन्याला लगेच कोसळतो. ज्या लिंकच्या मध्ये तीन-चार जणांची उपकरणं आहेत तिथे यासारखी दुसरी चाचणी नाही.

कार्ड बदलणं सर्वांत शेवटी. ते महाग आहे म्हणूनच फक्त नव्हे. कार्ड बदलताना केबल काढून परत घातली जाते, सेटिंग नव्याने लागतं, काउंटर शून्य होतात, आणि यातल्या कशाने बरं झालं ते कळत नाही. आधी त्याच कार्डावरचा दुसरा पोर्ट वापरून बघा. बिघाड पोर्टबरोबर राहिला की केबलबरोबर सरकला, एवढंच बघायचं.

हात कधी आवरायचा

लूप तुमच्या हद्दीच्या शेवटच्या सांध्यावर लावला आणि तुमची बाजू स्वच्छ निघाली, की थांबा. पलीकडचा डबा सेवादाराचा आहे, त्यावर सील असेल तर तोडू नका.

बाहेरून येणाऱ्या तांब्याच्या जोडीला हात लावू नका. लांबच्या मोडेमला किंवा रिपीटरला वीज त्याच जोडीवरून दिलेली असू शकते आणि तो दाब शंभर व्होल्टच्या वर असतो. फोनची तार म्हणून चिमटीत धरायची नाही. पावसाळी विजांच्या वेळी तर मुळीच नाही. मधला टप्पा फायबरवर असेल तर उघड्या टोकात डोकावू नका. उजेड दिसत नाही, पण डोळा जातो.

कोॲक्सची जाळी आणि रॅकची बॉडी यांच्यात मीटरने एसी व्होल्टेज बघा. काही व्होल्ट दिसले तर तो टेलिफोनचा प्रश्न राहिलेला नाही, इलेक्ट्रिशियनला बोलवा. जाळी रॅकपासून तोडून चुका थांबवणारे हुशार लोक असतात. चुका थांबतात, पण अर्थिंगमधला दोष तसाच राहतो आणि त्याला पुढची वाट माणसाच्या हातातून मिळते.

लिंकवर आपत्कालीन नंबर किंवा लिफ्ट-अलार्मचे कॉल जात असतील तर पर्यायी वाट चालू असल्याशिवाय एकही कनेक्टर काढू नका. वितरण फ्रेमवर इतरांचीही सर्किटं असतील आणि लेबल वाचता येत नसतील, तर ज्याची फ्रेम आहे त्यालाच बोलवा. चुकीची पेअर उपटली की दोन तक्रारी होतात, आणि दुसरी तुमच्या नावावर.

फोन कराल तेव्हा "लिंक खराब आहे" एवढं सांगू नका. सांगायचं ते असं: काउंटर किती वाजता क्लिअर केले, त्यानंतर कोड व्हायलेशन किती, सीआरसी चुका किती, स्लिप किती आणि किती अंतराने, कोणत्या टोकाला कोणता रंग, आणि आमच्या शेवटच्या सांध्यावरचा लूप रात्री दहा ते सकाळी सहा स्वच्छ होता. एवढं ऐकल्यावर समोरचा माणूस रीबूट करायला सांगत नाही.